माहेरच्या कोंबड्या

बाबा आले तेव्हा मी ओट्यावर बसून मुलीला कोवळं ऊन दाखवत होते. दोन हजार सोळाची दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून खळ्यात आली होती आणि माझी पहिली मुलगी जेमतेम महिन्याची होती. पाड्याखालच्या पायवाटेवरून एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन चढताना दिसला. चालीवरूनच मी ओळखलं. झाईहून एसटीने डहाणू, डहाणूहून कासा, कासाहून जीप आणि जीप सोडते तिथून पुढे आमच्या पाड्यापर्यंत चढण. एवढं करून बाबा नातीला बघायला आले होते. टोपलीत तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक कोवळा कोंबडा होता. वर मासे धरायच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला.

"बाळंतिणीला रस्सा करून घाला," ते सासूबाईंना म्हणाले. "नायतर ठेवा पाळायला. तुमची मर्जी."

सासूबाईंनी टोपली दोन्ही हातांनी उतरवून घेतली. आजूबाजूच्या घरांतल्या बायका बघायला आल्या. माहेरचं काय आलं हे बघायला आमच्याकडे सगळाच पाडा येतो. माझी मान त्या दिवशी जरा ताठ झाली होती हे मला चांगलं आठवतं. बाबा चिकूच्या वाडीत मजुरी करणारे. माझ्या लग्नात त्यांना फार काही देता आलं नव्हतं, आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही तरी मला टोचत होतं.

"काळीची पिल्लं का हो?" मी विचारलं. काळी म्हणजे आमच्या घरची जुनी खुडूक कोंबडी, माझ्या हाताखाली वाढलेली.

"तिचीच," बाबा म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला.

सासूबाईंच्या कोंबड्या म्हणजे त्यांचा संसारच होता. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा उंबरगावला कारखान्यात, सुट्टीला घरी येणारा. घरची भाताची खाचरं आणि उतारावरची नाचणी एवढं आवरलं की सासूबाईंचा सगळा जीव कोंबड्यांत. खुराडं घरातच, चुलीपलीकडच्या कुडाच्या भिंतीला लागून. त्याच्या तोंडाला फळी आणि फळीला दगड, कारण मुंगूस नुसती फळी नाकाने सरकवतं. हात आत घालण्याआधी त्या कंदिलाने नाहीतर बॅटरीने आत बघायच्या. एकदा अंड्यांवर नाग वेटोळं घालून बसलेला त्यांनी पाहिला होता. पिल्लंवाली कोंबडी अंगणात सोडली की त्या काम करता करता आभाळाकडे बघायच्या. घार दिसली की त्यांच्या तोंडून एक लांब हाक निघायची. ती ऐकून कोंबडी पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीत शिरायची. मी नवी होते तेव्हा त्या हाकेने मीच दचकायचे.

खुडूक बसवायच्या टोपलीत त्या खाली राख पसरायच्या, वर कडुलिंबाचा पाला, मग पेंढा. उवा पडल्या तर कोंबडी अंडी सोडून उठते, असं त्या म्हणायच्या. घरामागे चुलीच्या राखेचा एक खड्डाच होता. त्यात कोंबड्या दुपारी लोळायच्या आणि धुरळा उडवायच्या. पाड्यातल्या बायका पिल्लं काढायला अंडी त्यांच्याकडून न्यायच्या. कुणाच्याही अंगणात गेलं तरी निम्म्या कोंबड्या आमच्या घरच्या रक्ताच्या. सासूबाई रस्त्याने जाताना लोकांच्या कोंबड्यांकडे बघत जायच्या, सासरी गेलेल्या लेकींकडे बघावं तशा.

त्या संध्याकाळी दिवस कलताना सासूबाईंनी बाबांच्या कोंबड्या अंगणात मोकळ्या केल्या. एकीने दुसरीच्या डोक्यावर चोच मारली. तिसरी धावून आली. कोंबडा एकीच्या मागे लागला, ती तुळशीमागे लपली. आमच्या कोंबड्या लांबून बघत होत्या आणि नव्या आपसातच मारामारी करत होत्या. मला हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. खुराड्याच्या फळीवर हात ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. बाबा ओट्यावर चहा पीत होते. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग फळी सरकवली आणि नव्या-जुन्या सगळ्या कोंबड्या एकत्र आत घातल्या.

बाबा एक रात्र राहिले. सकाळी नातीच्या कपाळाला हात लावून निघाले. जाताना म्हणाले, "तुझ्या घरी तू सुखी आहेस. बरं वाटलं."

आठवडा गेला असेल. नव्यांतली एक तलंग पंख फुगवून खुराड्याच्या कडेला उभी राहू लागली. दाणे टाकले तरी येईना. खालून हिरवट पांढरं पाणी जायचं. सासूबाईंनी तिला हळदीचं पाणी पाजलं, लसूण ठेचून चारला. दुसऱ्या दिवशी ती मेली. त्या म्हणाल्या, "जीपचा प्रवास सोसला नसेल." मग आमची एक अंड्यावरची कोंबडी बसली ती उठलीच नाही. मग कोंबडा तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. गळ्यातून घरघर यायची, जणू आत काही अडकलंय. आणि मग मी ते पाहिलं. एका कोंबडीची मान वळत वळत पाठीवर गेली, चोच आभाळाकडे, आणि ती स्वतःभोवती फिरत राहिली. दाणा दिसायचा, चोच भलतीकडेच पडायची. सासूबाई खाली बसल्या. त्यांनी तिची मान हातात धरून सरळ केली. सोडली की परत वळायची. परत त्यांनी सरळ केली.

"मानमोडी," त्या म्हणाल्या. एवढंच.

हा रोग त्यांना ठाऊक होता. त्यांच्या लहानपणी एकदा आलेला, माझ्या नवऱ्याच्या लहानपणी एकदा. घारीला हाक होती, उवांना राख होती, मुंगसाला दगड होता. याला त्यांच्याकडे काही नव्हतं. आधी पिल्लं गेली, मग मोठ्या. त्यांनी घरामागे खड्डा खणला. मी मुलीला पाळण्यात ठेवून मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू बाळंतीण आहेस, हात लावू नको."

रोग आमच्या घरात थांबला असता तर निराळं होतं. पण कोंबड्या अंगणं ओळखत नाहीत. दाणे टिपत त्या शेजारच्या खळ्यात जातात, तिथल्या आपल्याकडे येतात. शेजारी राहायची सुईणमावशी. माझी मुलगी तिच्याच हातांनी जगात आली होती. रोज सकाळी येऊन ती मुलीला तेल लावायची, शेक द्यायची. तिच्याकडे एक मोठा लाल कोंबडा होता, परगावी कामाला असलेल्या मुलाच्या दुखण्यात देवाला नवस बोललेला. पाय पिवळे, तुरा हातभर वाटावा असा. गावदेवाच्या पूजेला द्यायचा म्हणून वर्षभर जपलेला. तोही मानमोडीने गेला. तिच्याकडे मोजायलाही एक कोंबडी उरली नाही. मग वरच्या आळीत, मग ओढ्यापलीकडे. सकाळी उठावं तर कुठल्या ना कुठल्या घरामागून कुदळीचा आवाज.

कुणीतरी कासाला जाऊन जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाला घेऊन आलं. तरुण मुलगा होता, मोटारसायकलवर आला. आमच्याच अंगणात सगळे जमले. त्याने एक आजारी कोंबडी उलटीसुलटी करून पाहिली, पापणी ओढून पाहिली.

"आता लागल्यावर औषध नाही," तो म्हणाला. "लस आधी द्यायची असते. आजारी वेगळ्या करा. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, ओढ्यात फेकू नका. आणि आजारी कोंबड्या बाजारात नेऊन विकू नका, दुसऱ्या पाड्याचं वाटोळं होईल." मग त्याने विचारलं, "सुरुवात कुठून झाली? कुणाकडे नवीन कोंबड्या आल्या होत्या का?"

मी दारात उभी होते, मुलगी खांद्यावर. अंगणात पंधरा-वीस माणसं असतील. त्या सगळ्यांनी टोपली येताना पाहिली होती. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी मोटारसायकलकडे. त्यांनी बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

"वाऱ्यावर आला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"वाऱ्यावर असा येत नाही, आजी."

"मग आला असेल कसा तरी," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत निघाल्या. माझ्या अंगाला घासून त्या गेल्या. त्यांच्या हाताला चुन्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणमावशी आली. मला वाटलं होतं येणार नाही. तिने पाय पसरले, मुलीला पायांवर घेतलं आणि नेहमीसारखं डोक्यापासून तेल जिरवायला लागली. आधी ती मालिश करताना सारखं बोलायची, मुलीला नावं ठेवायची, लाडाने चिमटे काढायची. आता बोलेना. पण हात तसेच, मऊ आणि घट्ट. पाय दुमडून पोटाशी नेले, हात छातीवर आडवे केले, काही चुकवलं नाही. मी भिंतीकडे बघत बसले होते. माझ्या बापाने आणलेल्या दुखण्याने हिचं खुराडं रिकामं झालं आणि ही माझ्या लेकीची हाडं सरळ करते आहे. तिने पैसे घेतले नाहीत, कधीच घ्यायची नाही. मी तांदूळ भरून सूप पुढे केलं तर म्हणाली, "ठेव गं. मला एकटीला किती लागतात."

त्यानंतर महिनाभर मी हातपंपावर उशिरा जायचे. बायका असल्या की त्यांचं बोलणं थांबायचं. वाईट म्हणून नव्हे, माझ्यासमोर कोंबड्यांचा विषय नको म्हणून. त्या माणसांनी मला सांभाळून घेतलं, आणि मला त्यांचं सांभाळणं सोसत नव्हतं.

थंडी संपताना मी मुलीला घेऊन माहेरी गेले. झाईला आमचं घर वाडीच्या कुंपणाला लागून आहे. पोचल्या पोचल्या मी सवयीने घरामागे गेले. खुराडं उघडं होतं. आत युरियाच्या रिकाम्या गोण्या घडी करून ठेवलेल्या. खाली एक पीस नव्हतं, विष्ठेचा वासही नव्हता. म्हणजे कालपरवाचं रिकामं नव्हतं.

"काळी कुठाय?" मी आईला विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा ओसरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. हात थांबला.

"काळी कधीच गेली," आई म्हणाली. "तू बाळंत व्हायच्या आधीच. सगळ्याच गेल्या."

"कशाने?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे मानमोडी येऊन गेली होती. टोपलीत आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवायचे, त्या टोपलीतच मरायच्या. नातीला बघायला जायचा दिवस आला तेव्हा घरात एक पीस उरलं नव्हतं. बाबा तीच टोपली घेऊन निघाले आणि कासाच्या बाजारात उतरून कोंबड्या विकत घेतल्या. एकेक वेगवेगळ्या बाईकडून. म्हणजे त्या काळीच्या नव्हत्याच. एकमेकींच्याही कुणी नव्हत्या. रोग बाजारातून आला की टोपलीतून, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

"पहिली नात," बाबा कोयत्याकडे बघत म्हणाले. "रिकाम्या हाताने कसा येऊ? आणि बाजारातून आणल्या म्हटलं असतं तर तुझ्या सासूला वाटलं असतं, याच्या घरी चार कोंबड्यापण नाहीत."

मग मी त्यांना सांगितलं. मनात नव्हतं सांगायचं, पण तोंडातून निघत गेलं. सासूबाईंच्या सगळ्या गेल्या. सुईणमावशीचा देवाचा कोंबडा गेला. अख्ख्या पाड्यात पहाटे आरवायला कोंबडा उरला नाही. सांगताना माझा आवाज चढला. बापावर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मध्येच गप्प झाले. एखाद्याला लोकांपुढे उघडं करावं आणि मग त्याच्या अंगावर टाकायला आपल्याकडे काही नसावं, तसं मला झालं. ते उठले, कोयता घेतला आणि वाडीत निघून गेले. त्या दिवशी वाडीला सुट्टी होती.

मी परत आले ते सासूबाईंना सगळं सांगायचं ठरवूनच. त्या नाचणी पाखडत होत्या. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कसं?"

"एका खुराड्यातल्या कोंबड्या अशा भांडत नाहीत. त्यांचं कोण वरचं, कोण खालचं ते ठरलेलं असतं. त्या एकमेकींना ओळखतपण नव्हत्या. बाजारच्या होत्या, तेव्हाच कळलं."

"मग वेगळ्या का नाही ठेवल्या?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही तर नवी कोंबडी आणली की बांबूच्या डालग्याखाली वेगळी झाकून ठेवता. किती दिवस ठेवता!"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुझा बाप ओट्यावर बसला होता ना. त्याच्यासमोर त्याच्या कोंबड्या वेगळ्या डालू? त्याला काय वाटलं असतं? त्याला कळलं असतं की मला कळलंय." मग म्हणाल्या, "सकाळी तो गेल्यावर करीन म्हटलं होतं. तोवर एका रात्रीत काय होतंय. आणि मग ऱ्हायलंच."

बाबांनी माझ्या मानासाठी खोटं सांगितलं. सासूबाईंनी बाबांच्या मानासाठी फळी सरकवली. मग रागवावं तरी कुणावर? मी आत जाऊन मुलीजवळ पडले. रडायलाही मला लाज वाटत होती, कारण या घरात माझ्यापेक्षा जास्त ज्यांचं गेलं होतं त्या बाहेर नाचणी पाखडत होत्या.

बाबा त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. फोन केला की दोन शब्द बोलून आईकडे द्यायचे. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली. "नातीला बघायला या ना," मी म्हणायचे. "येतो की, वाडीचं काम आटपलं की," ते म्हणायचे. चिकूच्या वाडीचं काम बारा महिने असतं.

इकडे खुराडं कितीतरी दिवस रिकामं ठेवलं. सासूबाईंनी ते उन्हात काढलं, चुन्याने सारवलं, जुन्या काठ्या जाळून नव्या घातल्या आणि सांध्यांना रॉकेल लावलं. पाऊस लागताना आम्ही आणि पाड्यातल्या बऱ्याच घरांनी दुसरीकडून थोडी थोडी पिल्लं आणली. त्या पावसाळ्यात कासाला बायकांसाठी कोंबड्यांच्या लसीचं शिकवणार आहेत असं कळलं. मी नाव दिलं. माझ्या मनात काय होतं तर पाड्यातल्या लोकांपुढे एकदा तरी डोळे वर करून उभं राहायचं. पिल्लाच्या डोळ्यात थेंब कसा टाकायचा, मोठ्या कोंबडीला पंखाखाली सुई कशी द्यायची, आधी जंताचं औषध द्यायचं, आजारी असेल तिला टोचायचं नाही, लस बर्फातच ठेवायची, हे सगळं मी शिकले. थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात लसीची बाटली ठेवून जीपने पाड्यावर यायचे. ऊन चढायच्या आत घरोघर जायचं.

पहिल्या दिवशी वरच्या आळीत एका म्हातारीने मला अंगणातच अडवलं. "आता परत काय आणलंस?" ती म्हणाली.

तिच्या मनात वाईट असेल असं नाही. पण मी थर्मास हातात धरून तिथेच उभी राहिले. त्या दिवशी आमच्या घराशिवाय दोनच घरांनी लस घेतली. सुईणमावशीकडे मी गेले तर तिने कोंबड्याच पाळायचं सोडलं होतं. दावणीला एक शेळी होती. "आता नको बाई," ती म्हणाली, "शेळीला हौस म्हणून देतेस का एखादी सुई?" आणि हसली. मला हसता आलं नाही.

पुढच्या थंडीत खालच्या पाड्यात मानमोडी आली आणि तिथून वर आमच्याकडेही पोचली. आमच्याकडे ज्यांनी लस घेतली होती त्यांच्या कोंबड्या बहुतेक वाचल्या, बाकीच्यांच्या परत गेल्या. त्यानंतर लोक स्वतःहून विचारायला लागले, कधी येतेस म्हणून. ती म्हातारीही. तरी एका घरी टोचल्यावर आठ दिवसांनी एक तलंग मेली तर तिथल्या बाईने मला ऐकवलंच, "तुझ्या सुईनेच मेली." मी ऐकून घेतलं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर चार शब्द बोलली असती. मला वाटायचं, मला तो हक्क नाही.

दोन हजार अठराच्या थंडीत आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू, तलासरी सगळीकडे. आधी गडगडल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची, कुडाची माती सुटायची. लोक घरात झोपायला घाबरायचे. आम्हीही अंगणात प्लास्टिकचा कागद बांधून त्याखाली राहायला लागलो. कोंबड्यांचे हाल झाले. घरात खुराड्याकडे रोज कोण जाणार? त्या झाडावर बसायला लागल्या आणि रानमांजराने दोन नेल्या.

एक दिवस दुपारी पायवाटेवर बाबा दिसले. झाईलाही हादरे जाणवत होते, पण आमच्या भागात जास्त, असं त्यांनी बातम्यांत ऐकलं होतं. ते अंगणाच्या कडेला आले आणि तिथेच उभे राहिले. हातात काहीच नव्हतं. पिशवीसुद्धा नाही. चप्पल काढून ती त्यांनी एका हातात धरली होती. माझी मुलगी त्यांना ओळखत नव्हती, ती माझ्या मागे लपली.

"या की वर, व्याही," सासूबाई म्हणाल्या.

"मी रिकामाच आलोय, विहीणबाई."

"दिसतंय. या, बसा."

ते बसले नाहीत. सुईणमावशी तिथेच होती, आमच्याच कागदाखाली झोपायची ती तेव्हा. बाबांनी आधी सासूबाईंकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "त्या कोंबड्या माझ्या घरच्या नव्हत्या," ते म्हणाले. "बाजारातल्या होत्या. माझ्याकडच्या आधीच मेल्या होत्या आणि टोपली तीच होती. मी खोटं बोललो. तुमचं सगळ्यांचं गेलं ते माझ्यामुळे." एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. बोलून झाल्यावर हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना.

सुईणमावशी म्हणाली, "माझा लाल कोंबडा देवाला बोललेला होता."

"पोरीने सांगितलं मला."

"त्याच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं," ती म्हणाली. "दुसरा दिला देवाला, पण तो तसा नव्हता." मग म्हणाली, "तुमची पोरगी चांगली आहे. जेवून घ्या, भाकरी गरम आहे."

तिने त्यांना माफ केलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांनीही ते विचारलं नाही. ते खाली बसले आणि भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू तोडून आणले आणि अंगणात चार खांबांवर उंच खुराडं बांधलं. खांबांना खालून पत्रा गुंडाळला, म्हणजे मुंगसाला, मांजराला चढता येऊ नये. तळाला पट्ट्यांमध्ये फट ठेवली, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि आत ओल राहणार नाही. ते काम करत असताना सुईणमावशी शेजारी बसून बघत होती. एकदा तिने बांबूचं टोक धरलं. निघताना सासूबाई त्यांना एक कोंबडी द्यायला लागल्या. बाबांनी हात मागे घेतले. "नको विहीणबाई," ते म्हणाले, "ती नको." सासूबाईंनी आग्रह केला नाही.

आता बाबा वर्षातून दोन-तीनदा येतात. मुलगी त्यांच्या खांद्यावर बसते. ती लांबूनच "आजा" अशी हाक मारते. पण ते सरळ वर येत नाहीत. खाली ओढ्याशी थांबतात, पाय धुतात, चपला दगडावर घासून धुतात आणि तिथेच काढून ठेवतात. मग अनवाणी चढून येतात. खुराड्याच्या बाजूने कधी चालत नाहीत, लांबून वळसा घालतात. कुणी त्यांना असं करायला सांगितलेलं नाही. मीच घरोघर सांगत फिरते, बाहेरून आलात तर पाय धुवा, मग कोंबड्यांत जा. बाबा तेवढंच करतात. तरी ते ओढ्याशी वाकून चपला घासायला लागले की मी ओट्यावरून उठते आणि काहीतरी काम काढून आत जाते.